खर्डीचें क्षेमकुशल

उन्हाळा सरला कीं घरोघरीं एक निराळा हिशेब मांडला जातो. मुलें आजोळाहून परततात, माहेरवाशिणी आपापल्या घरीं पोंचतात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून होतात. आणि मग चैत्र-वैशाखाच्या धांदलींत कोणाकडे काय झालें, कोण आजारी पडलें, कोणाचें लग्न जमलें, कोणाचें मोडलें, ह्याची चौकशी करावयास माणसाला सवड होते. आमच्या ठाण्याच्या घरीं ही चौकशी मृगाच्या पहिल्या सरीबरोबर निघते व तिचा प्रारंभ खर्डीपासून व्हावयाचा, असा कित्येक वर्षांचा प्रघात आहे. २०२४ सालीं मात्र खर्डीचें नांव घरांत कोणी काढीना. खर्डीकरांवर आमचा रुसवा होता.

रुसव्याला कारण माझ्याच मुलाची मुंज. त्या सालीं एप्रिलअखेर शुक्राचा अस्त, पाठोपाठ मे महिन्यांत गुरूचाही. तेव्हां वैशाखाची वाट न पाहतां एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांतला रविवार आम्हीं गांठला. खर्डीच्या काकू म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. घाणा भरतांना मुसळाला पहिला हात त्यांचा आणि ओव्याही त्यांच्याच. माझ्या लग्नांत तसें झालें, नणंदेच्या लग्नांत तसें झालें. मुंजीला मात्र काकू आल्या नाहींत. त्यांच्या घरचें दुसरेंही कोणी आलें नाहीं. आदल्या दिवशीं फोन आला, 'आमचें जमत नाहीं, बटूला आशीर्वाद सांगा,' आणि गाडीनें येणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर चांदीचें पळी-पंचपात्र येऊन पोंचलें. सासूबाई त्यावर कांहींच बोलल्या नाहींत. त्यांचें न बोलणें काय असतें तें आम्हां घरच्या माणसांनाच ठाऊक! पुढें मे महिन्यांत खर्डीचा वाळवणाचा डबा नेहमींप्रमाणें आला. त्यांत उडदाचे पापड होते, भरलेल्या मिरच्या होत्या, परंतु कुरडई एकही नव्हती. आणि खर्डीचा डबा कुरडयांवांचून आलेला ह्या घरानें कधीं पाहिला नव्हता. सासूबाईंनीं तळापर्यंत हात घालून पाहिला आणि झाकण लावीत म्हणाल्या, "असूं दे. आतां आपली आठवण पापडापुरतीच राहिली म्हणायची."

शेवटीं मृग लागून आठवडा झाल्यावर तिकडून सांगणें झालें, "तूंच एकदां जाऊन ये. आईनें विचारलें तर तें भांडण होईल, मीं विचारलें तर पंचाईत होईल. सुनेनें विचारलेलें चालतें."

म्हणून मी निघालें. कसाऱ्याची गाडी ठाण्याला मिळाली तर खर्डीला दीड तास पुरतो. कल्याण सोडल्यावर गर्दी विरते; टिटवाळ्याला गणपतीची माणसें उतरलीं कीं पाय लांब करून बसतां येतें. वासिंदनंतर डोंगर जवळ येऊं लागतात आणि आसनगांवाला डाव्या हाताच्या खिडकींत माहुलीचे सुळके उभे राहतात. शहाजीराजांनीं १६३६ सालीं जिजाबाई व लहानग्या शिवबासह ह्याच गडाचा आश्रय केला होता. पाऊस नुकताच पडून गेल्यामुळें गडाच्या अंगावरची धूळ धुऊन निघाली होती, पण हिरवें असें अद्याप कांहीं दिसत नव्हतें. डब्यांत जांभळांच्या पाट्या घेतलेल्या दोघी ठाकरणी चढल्या. करवंदें संपलीं का म्हणून मीं विचारलें तर एक हंसून म्हणाली, "पाणी पडलं, आता कसलीं करवंदं?"

हा लोहमार्ग फार जुना. कल्याणहून तो वासिंदला १८५५ सालीं आला, आसनगांवाला १८६० सालीं आणि कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजीं. तेथून घाट चढून इगतपुरीला जावयास त्याला आणखी चार वर्षें लागलीं. आमचे आजेसासरे ह्या रेल्वेंतच नोकरीला होते. बदली होऊन ते खर्डीला आले, चार गुंठे जागा घेतली, पुढें भाताची दोन खाचरें घेतलीं आणि निवृत्त झाल्यावर तेथेंच राहिले. मामंजी शिकून ठाण्यास गेले. धाकटे बंधु अण्णा घर धरून राहिले. एका घराच्या दोन शाखा अशा झाल्या. आमच्याकडे नळ आणि त्यांच्याकडे विहीर, एवढाच फरक आम्ही इतकीं वर्षें धरून चाललों होतों.

खर्डीचा नकाशा डोळ्यांपुढें आणला तर मोठी गंमत वाटते. पश्चिमेला तानसा; त्याचें धरण १८९२ सालचें. उत्तरेला वैतरणेवर मोडकसागर, १९५७ सालचा, आणि त्याच्या वरच्या अंगास मध्य वैतरणा, २०१४ सालचें. दक्षिणेला भातसा. चोहोंकडे पाणी आणि मध्यें खर्डी! नुसत्या भातसेच्या जलाशयांत ७,१७,०३७ दशलक्ष लिटर पाणी मावतें. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची बेरीज १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा वांटा एकट्या भातसेचा. हें पाणी नदीच्या पात्रांतून पिशाला जातें, तेथें उपसलें जातें, पांजरापूरला शुद्ध होतें आणि मुंबईच्या घरांत शिरतें. आमच्या ठाण्याच्या पाण्यांतलाही मोठा भाग ह्याच नदीचा. पाऊस तरी कमी म्हणावा, तर शहापूर तालुक्यांत वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पडतो. पण खालचा खडक काळा, कठीण. वर मातीचा थर हातभर. चार महिने कोसळलेलें पाणी ओढ्याओढ्यांनीं नदींत उतरतें, नदी धरणांत, आणि धरणाचें पाणी उतारानें शहराकडे. शेजारच्या टेकडीवरच्या गांवाला त्यांतलें पाणी द्यावयाचें तर तें चढवावें लागतें. भावली धरणाचें पाणी उतारानें शहापूर तालुक्यांत आणण्याची योजना हातीं घेतलेली आहे; तिच्याविषयीं तिकडे जो तो बोलतो.

हें सारें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. वर्तमानपत्रांत दर मे महिन्यांत हंडे घेतलेल्या बायकांचें चित्र येतें, तें मीही पाहतें. परंतु त्या चित्राच्या एका कोपऱ्यांत आपल्या काकू असतील असें कधीं मनांत आलें नाहीं.

स्टेशनांतून घर चालत पाऊण तासाचें. वाटेंत खाचरांतून राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते आणि त्यांवर भाताचीं रोपें सुईच्या अग्राएवढीं वर आलीं होतीं. घर तेंच: पुढें ओटी, मग माजघर, मागें पडवी आणि पडवीपलीकडे विहीर. परंतु अंगणांत पाऊल टाकतांच मी थबकलें. पागोळ्यांखालीं भांड्यांची रांग लागली होती. तांब्याचा बंब, पुरणाचें तपेलें, सणासुदीला काढावयाचीं मोठीं पातेलीं, दोन बादल्या, लोखंडी घमेलें, आणि शेवटीं बाळंतिणीच्या न्हाणीची जुनी परात. पाऊस थांबला होता व तीं सारीं भांडीं निम्मीं-अर्धीं भरलेलीं होतीं.

काकू दारांत आल्या. वय शहात्तर. मीं वांकून नमस्कार केला. "एकटीच आलीस? बटूला नाहीं आणलें?" एवढेंच त्या बोलल्या. ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावें तें मला सुचेना. पाय धुवावयास गेलें तर जाऊबाई लगबगीनें पुढें आल्या आणि तांब्यानें माझ्या पायांवर बेतानें पाणी घातलें. तें खालीं ठेवलेल्या घमेल्यांत सांचलें व घमेलें उचलून त्यांनीं केळीच्या बुंध्याशीं रितें केलें. हें सर्व इतक्या सहज झालें कीं त्यांना त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं.

चहा झाला. अण्णांची प्रकृति विचारली. चौऱ्याऐंशीव्या वर्षींही त्यांची संध्या चुकत नाहीं. उन्हाळाभर स्नान एक दिवसाआड, पण संध्येचें ताम्हन रोज निघे. "तीन आचमनांना पाणी तें किती लागतें?" ते म्हणाले. "ह्या धर्माला पाण्याची हांव नाहीं. हांव आपल्यालाच." देवघरांत डोकावलें तर पळी होती ती स्टीलची आणि पंचपात्राच्या जागीं वाटी. आपल्या स्वतःच्या मुंजींत मिळालेलें पंचपात्र अण्णांनीं माझ्या मुलाला पाठविलें होतें. आम्हीं तें बाजारांतलें समजून, इतर आहेरांबरोबर, कपाटांत टाकलें होतें.

मुंजीचा विषय मीं काढला नाहीं आणि त्यांनींही काढला नाहीं. तो निघाला स्वयंपाकघरांत, आणि तोही दाराआड लटकणाऱ्या कालनिर्णयावरून. प्रत्येक घरांतलें कालनिर्णय म्हणजे त्या घराची रोजनिशीच असते. दूध कोणत्या दिवशीं घेतलें नाहीं, सिलिंडर केव्हां लावला, औषधें कधीं आणावयाचीं, सारें त्यावर असतें. मी सहज पानें उलटूं लागलें. मार्चअखेरपासून चौकोनाचौकोनांत पेन्सिलीनें एकच अक्षर काढलेलें: 'टँ'. एप्रिलमध्यें तीं अक्षरें मोजलीं तर नऊ भरलीं. मे महिन्याच्या २७ तारखेला 'दहावीचा निकाल' असें लिहून त्याभोंवतीं फुलाची नक्षी काढली होती. त्याच चौकोनांत कोपऱ्याला 'टँ'. आणि मुंजीच्या रविवारीं तांबड्या शाईनें, बहुधा वर्षारंभींच लिहून ठेवलेलें, 'मुंज, ठाणें', व त्याखालीं पेन्सिलीचें 'टँ'.

"हें काय हो, जाऊबाई?"

"टँकर गं," जाऊबाई म्हणाल्या आणि विळीवर बसून फणसाची भाजी चिरतां चिरतां त्यांनीं उन्हाळा सांगितला.

घरची विहीर मार्चच्या शेवटीं आटली. वरच्या पाड्याचीही आटली. टँकर त्या चढावर जात नाहीं, म्हणून तो ह्यांच्या विहिरींत रिकामा करावयाचें ठरलें आणि पाड्यावरच्या बायका पाणी भरावयास इकडे येऊं लागल्या. टँकर ओतला कीं पाणी अर्ध्या तासांत खडकाच्या भेगांतून उतरूं लागतें. मग भराभर ओढण्याची घाई, रहाटावर चढाओढ आणि कांठावर चिखल. एप्रिलच्या आरंभीं काकू डोळे दाखवावयास कल्याणला गेल्या होत्या, त्या दिवशीं गर्दींत एक ठाकराची पोर कांठावरून घसरली. नशीब कीं बाहेरच्या अंगाला पडली. मनगट मोडलें. त्या दिवसापासून काकूंनीं खुर्ची टाकून विहिरीशीं बसावयास सुरुवात केली. पाड्यावरचीं घरें ओळीनें लिहून काढलीं; दर घरामागें पांच हंडे; ज्या घरीं बाळंतीण किंवा म्हातारें माणूस तेथें एक जास्त; आणि सर्वांचें झाल्यावर शेवटीं आपलें घर. काकूंच्या शब्दाबाहेर कोणी जाईना. परंतु काकू नसल्या तर तो शब्दही नसे.

"मुंजीच्या आठवड्यांत टँकर शुक्रवारीं यावयाचा," जाऊबाई म्हणाल्या. "शुक्रवारीं नाहीं, शनिवारीं नाहीं. लोकांचे हंडे तीन दिवस कोरडे. आमचीं लुगडीं पेटींत भरून तयार होतीं. शनिवारीं दुपारीं सासूबाई म्हणाल्या, उद्यां टँकर आला आणि मी इथें नसलें तर दुसरें कोणाचें तरी पोर पडेल. मग ह्यांना एकट्याला तरी जा म्हटलें, तर अण्णांच्या दोन घागरी ओढायला मागें कोण?"

"पण फोनवर एवढें सांगितलें असतें तर!"

"मीं तेंच म्हटलें. तर म्हणाल्या, मंगलकार्याच्या घरीं पाण्याचें रडगाणें सांगूं नये."

मला त्या रविवारचें मंगल कार्यालय आठवलें. पंगतींत प्रत्येकाच्या पानाशीं पाण्याची बाटली ठेवलेली, आणि पंगत उठल्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचें पोतें ओढीत नेणारा तो मुलगा. पुढें ३० मेपासून मुंबईंत पांच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागली, तेव्हां मुंबईच्या नातलगांशीं फोनवर बोलतांना आम्हां सर्वांना दुसरा विषय नव्हता. शहरांत माणशीं रोज १३५ लिटर पाणी मिळावें असा दंडक आहे. जलजीवन योजनेंत खेड्यांतल्या माणसासाठीं ५५ लिटर धरलें आहे. पांच हंडे म्हणजे फार तर पाऊणशें लिटर, आणि तेंही अख्ख्या घराला, दोन दिवसांचें!

"आणि कुरडया?" मीं विचारलें. विचारतांना लाज वाटली, पण विचारलें.

जाऊबाई खळखळून हंसल्या. "अगं, गहूं तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचें, मग वाटून चीक काढायचा, चिकावरचें पाणी ओतून टाकायचें! कुरडयांचें पाणी आणूं कुठून? पापडाला काय, पीठ भिजलें कीं झालें."

इतकें साधें कारण. आम्हीं डबा उलटापालटा करून पाहिला, कारण मात्र पाहिलें नाहीं.

दुपारीं काकूंबरोबर विहिरीकडे गेलें. तळाशीं ओला गाळ तेवढा दिसत होता. पाणी असें नव्हतेंच. विहिरीला समोरासमोर दोन बाजूंना पायठाणें आहेत. त्यांतलें पलीकडचें, माझ्या आजेसासूबाईंच्या वेळेपर्यंत, पाड्यावरच्या बायकांनाही वापरण्याची परवानगी नव्हती. त्यांनीं खालीं थांबावयाचें आणि घरच्या गड्यानें वरून ओतावयाचें, अशी त्या वेळची रीति. काकू नव्या नवऱ्या होऊन आल्या तेव्हांही ती चालू होती. ती मोडली कशी म्हणून विचारलें तर त्या म्हणाल्या, "मोडायची काय? मला दुसरा महिना होता आणि गडी आला नव्हता. मीं पोहरा त्यांच्याच हातांत दिला." सासूबाई रागावल्या नाहींत का? "रागावल्या. आठ दिवस बोलल्या नाहींत." एवढें सांगून काकू पोहऱ्याची दोरी तपासूं लागल्या.

संध्याकाळीं खरें वर्तमान कळलें, आणि तें अण्णा झोपल्यावर. भाऊजींनीं कल्याणला दोन खोल्यांची जागा पाहून ठेवली आहे. जाऊबाईंची पाठ ह्या उन्हाळ्यांत गेली. वैद्यांनीं ओझें उचलूं नका म्हणून सांगितलें आहे. "मला जावेंसें वाटतें," त्या हळूच म्हणाल्या. "हें बोलायला मला चोरी वाटते, पण वाटतें. सासूबाई हलणार नाहींत. आणि त्यांना इथें टाकून मी कशी जाऊं?" ह्याला मजजवळ उत्तर नव्हतें, अजूनही नाहीं. सासवांनीं सुनांना छळल्याच्या गोष्टी आपल्या मासिकांत पुष्कळ येतात. सासू चांगली असल्यामुळें सुनेला घर सोडतां येत नाहीं, ही गोष्ट कोणी लिहीत नाहीं.

मुलगी मात्र मार्गाला लागावयास हवी होती. दहावीला तिला उत्तम गुण मिळाले. अकरावीला ठाण्याचें कॉलेज मिळण्याजोगें होतें. मग अर्ज? जाऊबाई गप्प राहिल्या. पूर्वीपासून ठरल्यासारखें होतें कीं ती आमच्याकडे राहून शिकेल. परंतु मुंजीला गेलों नाहीं, मग कोणत्या तोंडानें पोरीला ठेवून घ्या म्हणावें, म्हणून त्यांनीं विचारलेंच नाहीं. आणि आम्हीं निकालाचें अभिनंदनसुद्धां दोन शब्दांत उरकलेलें! म्हणून अर्जांत कसाऱ्याच्या लोहमार्गावरचीं जवळचीं कॉलेजें लिहावयाचीं ठरत होतीं. मुलगी माजघरांत पुस्तक पुढें धरून बसली होती, पण पान उलटत नव्हतें. मीं तिला हांक मारली व ठाण्याच्या कॉलेजांचीं नांवें सर्वांत वर लिही म्हणून सांगितलें. सासूबाईंना विचारल्याखेरीज असें सांगण्याचा मला अधिकार होता कीं नाहीं, हा प्रश्न मला गाडींत बसल्यावर पडला.

दुसऱ्या दिवशीं निघतांना काकूंनीं हातांत पुरचुंडी ठेवली. पावसाचें पाणी धरून त्यांनीं आदल्या तीन दिवसांत गहूं भिजविले होते. ऊन नसल्यामुळें कुरडया वाळल्या नव्हत्या; चीक तेवढा डब्यांत भरून दिला. "वहिनींना सांग, आजच शिजवून खा. त्यांना चीक आवडतो."

घरीं पोंचल्यावर मीं आरंभ चिकापासून केला. सासूबाईंनीं तो स्वतः शिजविला, त्यावर तूप घातलें, आणि मी सांगत असतां मुकाट्यानें ऐकून घेतलें. ठाकराच्या पोरीच्या मनगटाशीं आलें तेव्हां त्यांनीं चमचा खालीं ठेवला. पंचपात्राचें ऐकून उठल्या, कपाट उघडलें, तें पंचपात्र काढून चिंच लावून घासलें आणि नातवाच्या संध्येच्या पाटाशीं ठेवलें. मुलीच्या कॉलेजाबद्दल मीं चाचरत सांगितलें तर म्हणाल्या, "वरच्या खोलींतलें कपाट रिकामें कर. पोरीला स्वतःचें कपाट असावें."

वटपौर्णिमा २१ जूनला होती. आदल्या संध्याकाळीं सासूबाईंनीं फोन मागून घेतला आणि दोन महिन्यांनीं खर्डीला लावला. दोघी जावा बराच वेळ काय बोलल्या तें मला ऐकूं आलें नाहीं. मधूनमधून 'हो', 'अगं बाई' आणि एकदां दीर्घ हंसणें. मग सासूबाईंनीं विचारलें, "उद्यां पूजेला मी तुझ्याकडेच येतें. बटूही येईल. काय आणूं?"

फोनचा आवाज मोठा होता. काकूंचें उत्तर आम्हां सर्वांना ऐकूं आलें. "कांहीं आणूं नका वहिनी. आणि येतांना त्या पाण्याच्या बाटल्या तेवढ्या नकोत. काल रात्रीं विहिरीला हातभर पाणी चढलें. अजून गढूळ आहे. पण तुरटी फिरवून ठेवतें."